पुरलेली काया

ती घटना आठवली की मला आजही आधी लाज वाटते आणि मग हात आपोआप जोडले जातात. पोलीस खात्यात बरी-वाईट बरीच प्रकरणं हाताळली. काहींत शाबासकी मिळाली, काहींत बोलणी खाल्ली. या प्रकरणात मात्र मी सपशेल चुकलो होतो, आणि ज्यांच्या बाबतीत चुकलो त्यांनीच मला सांभाळून घेतलं. नाव कोणाचंही लिहीत नाही. ती माणसं अजून सुरतेतच राहतात आणि माझ्यापायी त्यांना व्हायचा तेवढा त्रास होऊन गेला आहे.

आधी माझ्याबद्दल सांगतो, कारण चूक तिथूनच सुरू होते. माझे वडील खानदेशातून सुरतेला लूमवर काम करायला आले. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, शाळेत गुजराती. पुढे मी गुजरात पोलिसात लागलो आणि अहिराणी घराच्या उंबऱ्याआत ठेवून दिली. ठाण्यात मी असं गुजराती झाडायचो की नव्या शिपायांना मी मूळचा सुरतीच वाटायचो. त्यांचा गैरसमज दूर करायच्या फंदात मी कधी पडलो नाही. आई मात्र हट्टाने अहिराणीच बोलायची. तिला मी गुजरातीत उत्तरं द्यायचो आणि ती मला न ऐकल्यासारखं करायची.

त्या वेळी मी इन्स्पेक्टर होतो आणि लिंबायतचा काही भाग आमच्या हद्दीत होता. श्रावण चालू होता. बुधवारी सकाळी माझा एक बातमीदार ठाण्यात आला. हा मूळचा उत्तरेकडचा, वीस वर्षं सुरतेत रिक्षा चालवणारा माणूस. गप्पिष्ट होता, पण खोटं कधी सांगत नसे. चहाचा कप हातात आला तरी त्याने तोंडाला लावला नाही, तेव्हाच मी सावरून बसलो.

"साहब, कल लिंबायत से दो सवारी बैठी," तो म्हणाला. "बाप-बेटे. साथ में बोरी, इतनी भारी कि दोनों से मुश्किल से उठी. और एक फावड़ा."

"कहाँ छोड़ा?"

"चलथान के आगे, गन्ने के खेतों के पास. मुझे वहीं रुकने को बोला. घंटे भर में लौटे तो बोरी नहीं थी, फावड़े पर मिट्टी थी. पीछे बैठकर बेटा बाप से बोला, काया पूरी दीधी, अब किसी को बताना नहीं."

गुजरातीत काय आणि हिंदीत काय, काया म्हणजे शरीर. पुरून टाकली. आणखी काय हवं होतं? मी स्टेशन डायरीत नोंद केली, ठाण्याच्या डी-स्टाफचे, म्हणजे शोध पथकाचे, दोन हुशार शिपाई साध्या कपड्यांत सवारी बसली त्या गल्लीत पाठवले आणि संध्याकाळच्या आत गुन्हा उघड होणार या खुशीत बसलो.

शिपाई दुपारी परतले ते माझी खुशी वाढवणारीच माहिती घेऊन. गल्लीतल्या शेजाऱ्यांची एक तऱ्हा असते. पहिल्या पाच मिनिटांत कोणालाच काही माहीत नसतं आणि पुढच्या पाच मिनिटांत प्रत्येकाला सगळं माहीत असतं. बाप म्हातारा, लूमवरून निवृत्त झालेला. मुलगा सुरतेजवळच्या सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीत कापडाच्या कारखान्यात. म्हातारी वर्षापूर्वी गेली. घरात बाई म्हणून एकच, मुलाची बायको, विदर्भातली. ती रविवारपासून दिसलेली नव्हती. फोन बंद होता. आणि शनिवारी त्या घरातून नवरा-बायकोच्या भांडणाचा आवाज अख्ख्या गल्लीने ऐकला होता.

बाप-लेकांना चौकशीला बोलावलं. मुलगा तिशीचा, शिडशिडीत. म्हाताऱ्याने टोपी मांडीवर ठेवली आणि तो जमिनीकडे बघत बसला. मी समोर पाण्याचे पेले ठेवायला लावले. पोटात काही दडवून आलेला माणूस पाणी मागून मागून पितो, हा माझा अनुभव. या दोघांनी पेल्याला हात लावला नाही. तेव्हाच मला खटकायला हवं होतं, पण मी ठरवूनच बसलो होतो.

मी गुजरातीत सुरुवात केली. मुलगा मोडक्या हिंदीत उत्तरं देऊ लागला.

"बोरी में क्या था?"

तो बापाकडे बघायला लागला.

"कल क्या गाड़ा?"

"साहब, हमारे घर का ही था," तो कसाबसा म्हणाला. "दूसरे का कुछ नहीं गाड़ा. अपने घर का, अपने हाथ से."

माझ्या शेजारी बसलेल्या रायटरचा पेन थांबला. कबुलीजबाब इतक्या लवकर आणि इतक्या साध्या शब्दांत आम्ही दोघांनीही ऐकला नव्हता.

"क्यों गाड़ा?"

"डर गए साहब. वो दो आदमी बोले थे कि पुलिस आएगी, उठाकर ले जाएगी."

कोण दोन माणसं, हे मी विचारलंच नाही. मी सरळ टेबलावर हात आपटला. "तेरी औरत कहाँ है?"

म्हाताऱ्याने पहिल्यांदा मान वर केली आणि शांतपणे म्हणाला, "ती येई. रविवारना आगे येई."

"अभी कहाँ है?"

"ते सांगानं नई, साहेब."

दरडावलं, समजावलं, वेगवेगळं बसवून विचारलं. मुलाच्या डोळ्यांतून पाणी यायचं, पण तोंड उघडायचं नाही. म्हाताऱ्याचं एकच पालुपद, सांगानं नई. संध्याकाळी दोघांना घरी सोडलं आणि गल्लीच्या तोंडाशी पहारा बसवला. पुरलेलं प्रेत बाहेर काढायचं तर ते एक्झिक्युटिव्ह मॅजिस्ट्रेटसमोरच काढावं लागतं. म्हणून मामलतदार साहेबांच्या नावाने पत्र तयार करून पाठवलं. जागेचा अंदाज रिक्षावाल्याने दिलेलाच होता. विदर्भात तिच्या माहेरी फोन लावला. ती तिकडेही आलेली नव्हती. तिच्या धाकट्या भावाने फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग "निघतोच" म्हणाला आणि फोन ठेवला.

गुरुवारी सकाळी मी घाईघाईने न्याहारी करत होतो. आई स्वयंपाकघरात भांड्यांवर नजर फिरवत होती. कामवाल्या बाईवर तिचा राग होता.

"तवा कितला काया पडी गया, देख. घसाले सांग तिले."

माझा घास तोंडातच राहिला.

"माय, काय म्हणालीस? तवा कसा पडला?"

"काया."

"काया म्हणजे?"

आईने माझ्याकडे असं बघितलं की इन्स्पेक्टरकी जागच्या जागी उतरली. "काया म्हंजे काया. तुना बाप व्हता तसा."

काळा! अहिराणीत 'ळ' नसतोच. डोळा तो डोया, शाळा ती शाया आणि काळा तो काया. लहानपणी मीही हेच बोलत होतो. चाळीस वर्षं मी ती बोली अशी दडपून टाकली होती की माझ्याच माणसांचा साधा शब्द मला परका झाला होता. मी ताटावरूनच रिक्षावाल्याला फोन लावला.

"ठीक से याद कर. उसने 'दीधी' बोला था या 'दिधा'?"

"बोला तो 'दिधा' था साहब. मैंने सोचा, काया तो स्त्रीलिंग है, ये लोग ग़लत बोलते हैं. तो मैंने आपके लिए सुधार दिया."

त्याच्या व्याकरणापायी मी एका माणसाला खुनी ठरवायला निघालो होतो. पण त्याला काय बोलणार? त्याने एक अक्षर सुधारलं होतं, मी अख्खा गुन्हा रचला होता.

ठाण्यात गेलो. म्हातारा बोलावल्याप्रमाणे वेळेवर येऊन बाकावर बसला होता. मी टोपी काढून त्याच्या शेजारी बाकावरच बसलो. ठाण्यात, शिपायांसमोर, आयुष्यात पहिल्यांदा अहिराणीत तोंड उघडलं. जीभ अडखळत होती.

"बाबा, त्यो काया कसाना शे? काय पुरेल शे तठे?"

म्हातारा माझ्याकडे बघतच राहिला. मग माझा हात धरून म्हणाला, "तू आमनाच शे का रे भाऊ?" आणि घळाघळा रडायला लागला. मलाही आवरेना. मी रुमाल शोधायच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

मग सगळं कळलं. पोत्यात त्यांच्या गावचा खल होता, काळ्या दगडाचा, म्हणून घरात त्याचं नावच काया, बाहेरून कोरीवकाम केलेला. किती पिढ्यांचा ते कोणालाच माहीत नव्हतं. गावातली घरं एकेक करून सुरतेला आली तेव्हा खलही आला आणि या म्हाताऱ्याच्या घरी ठेवला गेला. आमच्या खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसवतात, नारळाच्या रूपातली देवी. त्यांच्या गावच्या रीतीप्रमाणे कानबाईच्या नारळाला सजवण्याआधी एका झाडपाल्याचा लेप लावतात. तो लेप या खलातच कुटायचा. पाल्याचं खरं नाव घ्यायचं नाही, नुसतं पाला म्हणायचं. उरलेला लेप गल्लीतल्या झाडून सगळ्या लेकरांच्या कपाळाला लागतो.

सोमवारी दोन अनोळखी माणसं घरी आली होती. सरकारी असल्याचं सांगून त्यांनी खलाचे फोटो काढले. ही फार पुराणी चीज आहे, घरात ठेवणं गुन्हा आहे, आम्हाला देऊन टाका नाहीतर पोलीस उचलून नेतील, असा दम दिला. घाबरून बाप-लेकांनी खल चलथाणला नात्यातल्या माणसाच्या झोपडीमागे बांधावर पुरला. दुसऱ्याच दिवशी पोलीस दारात! त्यांना वाटलं, आम्ही खलासाठी आलो. आम्हाला वाटलं, ते बाईबद्दल बोलताहेत. दोन्ही बाजू खरं बोलत होत्या आणि एकमेकांचं एक अक्षर कोणाला कळत नव्हतं.

पत्र गेलेलं होतं, मामलतदार साहेब पंचांसह हजर झाले. खोदकाम झालं. गुडघाभर खोल मातीतून पोतं निघालं आणि पोत्यातून बत्ता आणि खल. दोन हातांच्या कवेत मावेल एवढा. कडेला वेलाची नक्षी, खाली हत्तींची रांग, त्यांतल्या दोघांच्या सोंडा झिजून गेलेल्या. मी आत हात फिरवला. किती बायकांनी किती वर्षं त्यात पाला कुटला असेल कोण जाणे, पण आतला दगड लोण्यासारखा मऊ लागला. मामलतदार साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, "तुमचं प्रेत फारच टिकाऊ निघालं." पंचनामा झाला, खल मुद्देमाल म्हणून ठाण्यात जमा झाला. पुढे पुरातत्त्व खात्याच्या माणसाने तो पाहिला, जुना आहे म्हणाला आणि रीतसर नोंदणी करून ठेवण्यात काही अडचण नाही असंही सांगितलं. दम देणारे ते दोघे त्या खात्याचे नव्हतेच. त्यांचा माग पुढे सचिनपर्यंत लागला, पण ती हकीकत वेगळी आहे.

माझं मन निवळलं होतं. वरिष्ठांचं नाही, आणि त्यांचं बरोबरच होतं. दगड सापडला, पण बाई कुठे आहे? मी पुन्हा म्हाताऱ्याला विचारलं, या वेळी अहिराणीत. तो म्हणाला, ती पाला आणायला गेली आहे. कुठे, कोणत्या वाटेने, ते सांगायचं नाही.

"वाट सांगी दिधी ते पाला बाटी जास," तो म्हणाला. "मनी माय गई, मनी बायको गई, कोनी वाट सांगी नई."

"बाबा, पोराला खुनात आत जावं लागेल."

त्याने डोळे मिटले. "ती येई, भाऊ."

शुक्रवारी दुपारी तिचा भाऊ ठाण्यात पोहोचला. दोन रात्रींचा प्रवास, डोळे लाल. मुलाला बाकावर बसलेला पाहताच तो त्याच्या अंगावर धावला. शिपायांनी आवरलं. मी त्याला खल दाखवून खोदकामाची हकीकत सांगितली.

"माही बहीण कुठी हाये? इथं दगड कायले दाखवता मले?" तो माझ्यावर ओरडला. "माही फिर्याद लिहून घ्या. मारलं तिले यायनं."

दगड दाखवून भावाची समजूत घालता येत नाही. वरिष्ठांचाही निरोप होता की आज काय तो निकाल लावा. मी रायटरला फिर्याद लिहायला सांगितली. एकदा ती लिहिली गेली की मुलाला अटक करणं भाग होतं. तो निरपराध आहे असं माझं मन सांगत होतं, पण मन पंचनाम्यात लिहिता येत नाही. मुलगा बापाकडे बघत होता. बापाने त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. तरी त्याने वाट सांगितली नाही.

रायटरने भावाचं नाव-गाव लिहून घेतलं. तेवढ्यात दारातल्या टेबलावरचा अंमलदार, आमच्याकडे त्याला पीएसओ म्हणतात, चढ्या आवाजात कोणाला तरी विचारताना ऐकू आला. "बेन, नाम शुं छे? अरे नाम तो बोलो!"

दारात एक बाई उभी होती. पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलाने भरलेले. डोक्यावर ओल्या फडक्यात बांधलेलं गाठोडं, दोन्ही हातांनी धरलेलं. भाऊ उठून धावला. "ताई! ताई वं, कुठी होती तू?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. डोळे भरून आले, पण ओठ हलले नाहीत. नवरा उभा राहिला, त्याच्याशीही बोलली नाही. भावाचा आवाज चिरकला. "इले काय केलं तुमी? मुकी कायनं झाली हे?"

म्हातारा माझ्या कानाशी आला. "भाऊ, पाला खलमा पडापावत तिले बोलानं नई. आनि खल तुमना कडे शे."

मुद्देमालाच्या वस्तूला न्यायालयाच्या हुकमाशिवाय हात लावायचा नसतो. पण ओळख पटवण्यासाठी संबंधित माणसासमोर मुद्देमाल ठेवता येतो. मी रजिस्टरमध्ये तशी नोंद करायला लावली आणि सांगितलं, खल बाहेर आणा. दोन हेड कॉन्स्टेबलनी तो उचलून व्हरांड्यात ठेवला. बाईने गाठोडं उतरवलं, सोडलं, मूठभर पाला खलात टाकला. बत्ता आत कपाटातच राहिला होता, तो धावत जाऊन मीच आणला. तिने पदर खोचला आणि कुटायला लागली. शिपाई कामं सोडून भोवती जमले. हिरवा, कडसर, पावसाळी वास व्हरांडाभर पसरला. लॉकअपमधला एक जुना पाकीटमारसुद्धा गजांशी येऊन बघत होता.

पाल्याचा रस सुटला तशी ती थांबली. घाम पुसला, समोरच्या रायटरकडे पाहिलं आणि पाला खुडल्यापासून पहिल्यांदा बोलली.

"लिहा साहेब. मी जित्ती हाव."

भाऊ तिथेच खाली बसून रडायला लागला.

तिचा जबाब मी स्वतः घेतला. शनिवारचं भांडण याचंच होतं. नवरा म्हणत होता, तुला आमची वाट माहीत नाही, बोली येत नाही, बाजारातून कसलाही पाला आणू. ती अडून बसली.

"सासूबाईनं जाता जाता माह्या हातात बत्ता देल्ला होता," ती म्हणाली. "तिले पोरगी नोयती. म्हने, आता तूच. मंग मी नाही जाऊ तं कोन जाईन?" परतताना बोलायचं नाही म्हणून 'सुरत' लिहिलेली चिठ्ठी ती कंडक्टरसमोर धरायची. घरी आली तर घराला कुलूप. शेजारणीने ठाण्याचा रस्ता दाखवला.

ती कुठे गेली होती ते मी विचारलं नाही. जबाबात 'कौटुंबिक कामासाठी बाहेरगावी' एवढंच लिहिलं. कायद्याला तेवढं पुरत होतं. न्यायालयाच्या हुकमाने शनिवारी खल त्यांच्या ताब्यात दिला.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. पुष्कळ शिकवलं. चौकशीत माणूस गप्प बसला म्हणजे तो काही लपवतोच असं नाही, तो काही जपतही असतो. आणि माणसाला त्याच्या बोलीत विचारल्याशिवाय त्याच्या उत्तरावर विसंबू नये. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी ठाण्यात अहिराणी बोललो आणि त्यामुळे माझी किती कामं सोपी झाली याची गणती नाही. हे सगळं मला ज्यांनी दिलं, ते माझ्याविरुद्ध तक्रार करू शकले असते. बाप-लेकांना मी तीन दिवस गुन्हेगारासारखं बसवून ठेवलं होतं. म्हाताऱ्याने जाताना उलट माझेच आभार मानले. माझा त्या क्षणी त्याच्या पायांना हात लावायचा विचार होता, पण अंगावर वर्दी होती आणि सगळे बघत होते. मी नुसती मान हलवली.

रविवारी त्यांनी मला आणि आईला कानबाईला बोलावलं. मी साधा सदरा घालून गेलो. गल्लीतली लेकरं कपाळाला हिरवा लेप लावून हिंडत होती. आई गेल्या गेल्या बायकांत बसली आणि तासभर अहिराणीत अशी बोलत सुटली की तिला एवढं बोलायचं होतं हे मला माहीतच नव्हतं. म्हातारा दारात उभा होता. मी त्याच्यासमोर वाकलो आणि भर गल्लीत त्याच्या पायांवर डोकं ठेवलं.